आत काय आहे?

‘‘ओळगे एनिदे?’’

बेळगावच्या टपाल कचेरीत काउंटरपलीकडच्या बाईंनी पेटीवर हात ठेवून विचारलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोच प्रश्न मराठीत केला, ‘‘आत काय आहे, अक्का?’’

‘‘फराळ.’’

‘‘फराळ असं लिहून चालत नाही. एकेक लिहा. काय, किती, वजन, किंमत.’’

१६ ऑक्टोबर २०२५ चा गुरुवार होता तो. दुसऱ्या दिवशी वसुबारस. पेटी निपाणीहून आणली होती, आईनं भरलेली, माझ्या धाकट्या भावासाठी न्यू जर्सीला जायची. अमेरिकेचं टपाल आदल्याच दिवशी सुरू झालं होतं. त्याआधी जवळजवळ दोन महिने ते बंद होतं, आणि ते दोन महिने आमच्या घरानं कसे काढले ते पुढे सांगतेच. पण त्या दिवशी काउंटरशी उभी असताना मला पहिल्यांदा नीट कळलं की परदेशी जाणाऱ्या प्रत्येक डब्याचं नशीब या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. उत्तर कुणाला द्यायचं तर आपल्याला कधीही न दिसणाऱ्या माणसाला. त्याला चकली ठाऊक नाही, दिवाळी कदाचित ऐकून माहीत असेल, आणि त्याच्यासमोर आपला कागद तेवढा असतो.

त्या कागदाला टपाल खात्यात ‘सीएन २३’ म्हणतात. लहान पाकिटाला ‘सीएन २२’ हा छोटा भाऊ चालतो. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात १८७४ साली जगातल्या टपाल खात्यांची संघटना उभी राहिली, भारत तिच्यात १८७६ साली गेला, आणि तिच्या नियमांतून हे अर्ज आले. त्या संघटनेची अधिकृत भाषा फ्रेंच. त्यामुळे या कागदावर इंग्रजीच्या जोडीनं फ्रेंच असते. जिथं दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावरून माणसं रस्त्यावर उतरतात, त्या बेळगावात आई-बाप आपल्या मुलाला खाऊ पाठवताना इंग्रजी-फ्रेंच रकान्यांत माहिती भरतात. मराठी नाही, कन्नडही नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण तो अर्ज भरणारी निम्मी माणसं माझ्या आईच्या वयाची असतात.

रकाने तसे थोडेच. पाठवणारा, घेणारा, वस्तूंचं तपशीलवार वर्णन, नग, निव्वळ वजन, किंमत, वस्तू मूळ कुठल्या देशातली, आणि पाठवण्याचं कारण: भेट, नमुना, विक्री की आणखी काही. एक रकाना आकड्याचा असतो. जगातल्या सगळ्या मालाला सहा आकडी क्रमांक देणारी एक पद्धत १ जानेवारी १९८८ पासून चालू आहे. तिला एचएस कोड म्हणतात. पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखे, पुढचे ज्याचे त्याचे. आपल्या देशाच्या कस्टमच्या दरपत्रकात पापडाला स्वतःचा क्रमांक आहे, १९०५ ९० ४०. एकविसाव्या प्रकरणाच्या टिपेत मिष्टान्न, मिठाई, नमकीन, भुजिया, चबेना हे शब्द जसेच्या तसे रोमन लिपीत बसले आहेत. आईचा चिवडा तिथं २१०६ ९० मध्ये जातो. लाल तिखट ०९०४ २२, हळद ०९१० ३०. हे आकडे मी घरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत. दुधाचा हिशोब असतो, त्याच्या शेजारी.

*

मी हे सगळं शिकले ते एक पेटी वाया गेल्यावर.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पेटी खाजगी कुरिअरनं पाठवली होती. दुकानातल्या मुलानं वजन केलं, आधार कार्डाची प्रत घेतली, पैसे घेतले आणि वर्णनाच्या रकान्यात दोन शब्द टाकले, ‘होममेड स्नॅक्स’. मीही काही बोलले नाही. पेटी अमेरिकेत पोचली आणि तिथंच थांबली. भावाला कळवण्यात आलं की माल सोडवता येत नाही, परत न्यायचा तर खर्च तुमचा, नाहीतर नष्ट करू. परतीचा खर्च पाठवण्याच्या खर्चाहून मोठा होता. त्यानं नष्ट करायला होकार दिला.

आईला आम्ही आठवडाभर सांगितलंच नाही. शेवटी सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. ‘‘टाकलं?’’ एवढंच म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, ‘‘कुणी खाल्लं तरी असतं गं.’’

तेव्हापासून मी विचारत फिरले. खडे बाजाराच्या बाजूला पंधरा-सोळा वर्षं परदेशी पार्सलं घेणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या दुकानात मी दोन दिवाळ्या नुसत्या बसून काढल्या म्हटलं तरी चालेल. दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे त्यांचं दुकान म्हणजे लग्नघर असतं. शहापूरहून, वडगावहून, येळ्ळूरहून, खानापूरच्या खेड्यांतून माणसं पिशव्या घेऊन येतात. कुणाचा मुलगा डब्लिनला, कुणाची सून टोरांटोत, कुणाचा जावई मस्कतला. ‘‘ताई, लोक डबा इतका छान बांधून आणतात,’’ ते म्हणाले, ‘‘की उघडायला जीव होत नाही. आणि यादी मात्र एका ओळीची. खाऊ. बस्स.’’

एका ओळीनं काय बिघडतं, हे त्यांनीच समजावलं. २०१८ साली अमेरिकेनं कायदा केला, टपालातून येणाऱ्या जीवघेण्या अमली पदार्थांना आळा घालायला. तेव्हापासून पार्सलाची यादी आधी संगणकावरून जाते आणि पेटी मागाहून. २०२१ पासून जगभरच्या टपालाला हे लागू झालं. म्हणजे आपली पेटी बेळगावच्या काउंटरवरून हलते न हलते तोवर तिची यादी समुद्रापार वाचली जात असते. यादीत ‘स्नॅक्स’ असलं की वाचणाऱ्याच्या मनात शंका येते: मांस आहे का? दूध आहे का? बिया आहेत का? ‘बेसनपीठ, साखर, तूप घालून भाजलेले लाडू, १२ नग, ५०० ग्रॅम’ असं असलं तर त्याचे निम्मे प्रश्न तिथंच मिटतात.

आणखी एक गोष्ट मला त्या दुकानातच कळली. ती कळल्यावर मी आईला लगेच फोन केला होता. अमेरिकेत ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, २००२ साली, एक कायदा झाला. बाहेरून येणाऱ्या अन्नात कुणी विष कालवील या भीतीतून आलेला. त्यानं डिसेंबर २००३ पासून असं ठरवलं की देशात येणाऱ्या अन्नाची पूर्वसूचना तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला द्यायची. टपालानं येणाऱ्या अन्नालाही हे लागू. पण त्या नियमाला एक अपवाद आहे. एखाद्या माणसानं स्वतःच्या राहत्या घरी केलेलं अन्न, त्यानंच, व्यापारासाठी नव्हे तर व्यक्तिगत भेट म्हणून, अमेरिकेतल्या माणसाला पाठवलं, तर पूर्वसूचना लागत नाही.

बाजारातून आणलेल्या चकलीला लागते आणि आईच्या चकलीला लागत नाही, असा याचा सरळ अर्थ. ‘घरचं’ हा आपल्या स्वयंपाकघरातला शब्द तिथल्या कायद्याच्या कलमात जाऊन बसला आहे. मात्र तो कागदावर नीट यावा लागतो: घरी केलेलं, कुणी केलं, कुणाला भेट. या सवलतीमुळे बाकीचे नियम सुटत नाहीत. मांसाचे, दुधाचे, रोपांचे, बियांचे निर्बंध आपापल्या जागी उभेच असतात. शिवाय कुरिअर कंपन्यांचे स्वतःचे नियम असतात, ते वेगळे. तरीही मला ते कलम वाचून बरं वाटलं. इतक्या संशयातून जन्मलेल्या कायद्यालाही आईच्या हातासाठी थोडी जागा ठेवावीशी वाटली.

*

आता दुधाकडे येते, कारण बेळगावकराच्या पेटीत कुंदा नसेल तर ती बेळगावची पेटी कसली.

कुंदा म्हणजे दूध आटवून आटवून, साखर घालून, पिवळसर तपकिरी होईपर्यंत परतलेला खवाच. ऑस्ट्रेलियात तो जात नाही. तिथलं शेती खातं दर दिवाळीच्या आधी तिथल्या भारतीय घरांना बजावून सांगतं की दुधाची मिठाई मागवू नका. याचं कारण आमच्या सीमाभागातल्या कुठल्याही गोठ्यात समजेल: लाळ्या-खुरकूत. आमच्याकडे जनावराच्या तोंडातून लाळ गळू लागली आणि खूर सुजले की घरात माणसं जेवत नाहीत. लसीकरणाच्या फेऱ्या होतात, दूध डेअरीला जायचं थांबतं. ऑस्ट्रेलियात हा रोग १८७२ नंतर आलेला नाही. दीडशे वर्षं राखलेलं ते सोवळं आहे आणि ते मोडायला एक डबा पुरेल अशी त्यांची धास्ती आहे. गाई-म्हशींवर घर चालवणाऱ्या माणसाला ती धास्ती खोटी वाटणार नाही. ब्रिटनमध्ये आणि युरोपीय संघातही भारतातून दूध-मांसाचे पदार्थ प्रवाशानं नेणं किंवा टपालानं मागवणं बंद आहे, त्याच्या मुळाशी हीच भीती.

मग पाठवायचं काय? या प्रश्नाला आमच्याच जिल्ह्यात उत्तर आहे: गोकाकचं करदंट. डिंक, गूळ, सुकामेवा, खोबरं. खवा नाही, चांगलं बांधलं तर महिनाभर हलत नाही. पूर्वी बाळंतिणीला आणि पैलवानाला द्यायचे. आता ते मेलबर्नच्या मुलांसाठी बांधलं जातं. तिथंही यादी लिहावीच लागते, सुकामेवा भाजलेला आहे हे सांगावं लागतं, आणि अंतिम शब्द तिथल्या तपासनिसाचाच असतो. पण कुंद्याला दारच बंद आहे, करदंटाला निदान दाराशी उभं राहता येतं.

मांड्यांचं नाव लोक हौसेनं काढतात. बेळगावचे मांडे. उपड्या खापरीवर भाजलेले, घडी घातलेले, बोट लागलं तरी तडकणारे. मुंबईपर्यंत मांडीवर घेऊन गेलेली माणसं मला माहीत आहेत. पार्सलानं ते पाठवू नयेत. कायद्याची अडचण नंतर, आधी चुरा होतो.

खसखशीचं सांगताना मात्र माझा आवाज चढतो. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, सिंगापूर या देशांत खसखस हा बंदी असलेला पदार्थ आहे. अफूच्या बोंडातली ती बी, म्हणून. आपल्याकडे ती किराण्याच्या पुडीत येते, तिथं ती अमली पदार्थाच्या कायद्यात मोडते. आणि आपला अनारसा तर खसखशीवरच थापतात. करंजीच्या सारणातही चिमूटभर असते. दुबईला नोकरीला गेलेल्या पोराला प्रेमानं पाठवलेल्या डब्यातून त्याच्यावर पोलिसाची वेळ येऊ शकते, हे कितीजणींना ठाऊक आहे? बेळगावच्या टिळकवाडीत आमच्या शेजारच्या वहिनी दोन वेगळे घाणे करतात. घरच्यासाठी खसखशीवर आणि लेकीसाठी तिळावर. तिळाच्या डब्यावर त्या हळदीचं बोट लावून ठेवतात, चुकून अदलाबदल नको म्हणून. चव वेगळी लागते, त्या म्हणतात, पण रात्री झोप लागते.

दिवाळीची बाकीची सामग्रीही एकदा नजरेखालून घालावी. कापूर विमानात जात नाही. तो पेट घेणारा घन पदार्थ, मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय यादीत यूएन २७१७ या क्रमांकाखाली धोकादायक म्हणून नोंदलेला. अत्तराची कुपी, फुलबाजीचं पाकीट यांचंही तेच. मोरपीस देशाबाहेर पाठवायला आपल्याच देशाची बंदी आहे. देवघरातलं चंदनाचं खोडही आपलाच कायदा अडवतो. शंभर वर्षांहून जुनी देवाची मूर्ती असेल, तर १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा आड येतो, मग ती पणजोबांची का असेना. रांगोळी जाते, पण पिशवीवर लेबल नसेल तर क्ष-किरणाखाली ती नुसती पांढरी पूड दिसते. आणि निपाणीकरांसाठी मुद्दाम सांगते: आजीच्या मिसरीची डबी, तंबाखूची पुडी, विडीचा कट्टा यांतलं काहीही फराळात ठेवू नका. अमेरिकेत सिगारेट आणि बिनधुराची तंबाखू २०१० पासून टपालानं पाठवताच येत नाही. आमच्या गावाचा संसार तंबाखूवर उभा राहिला हे खरं. पण ती पुडी सगळ्या पेटीला घेऊन बुडते.

*

सीमेवरच्या माणसाला कागदाची सवय नाही असं कोण म्हणेल? १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची रचना झाली आणि आमचं घर एका कागदानं म्हैसूर राज्यात गेलं. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला १९६७ साली, महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे. माझ्या वडलांच्या पिढीनं अर्ज, निवेदनं, सत्याग्रह यांतच आयुष्य घातलं.

निपाणीहून कागलकडे निघालं की कोगनोळी लागते. जीएसटी येईपर्यंत, म्हणजे १ जुलै २०१७ पर्यंत, तिथल्या नाक्याशी मालाच्या ट्रकांची रांग ठरलेली. आत काय आहे, हा प्रश्न आम्ही लहानपणापासून तिथं ऐकलाय. कोविडच्या काळात तोच नाका माणसांना अडवू लागला, तपासणीचा दाखला असल्याशिवाय पुढे सोडेना. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले आणि दोन्हीकडच्या बसगाड्या थांबल्या, तेव्हा कोल्हापूरहून एसटीनं यायची पार्सलंही अडकून पडली. त्या आठवड्यात बेळगाव ते कोल्हापूर हे शंभर-सव्वाशे किलोमीटर अंतर अमेरिकेहून लांब वाटलं.

पत्त्याचाच एक नमुना सांगते. निपाणीचं देवचंद कॉलेज. गावातली पोरं चालत जातात, पण ते उभं आहे अर्जुननगरात, सीमेच्या पलीकडे, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, महाराष्ट्र. आणि टपाल निपाणीचं, पिन ५९१२३७. पिनचा पहिला आकडा पाच असला की कर्नाटकाची बाजू, महाराष्ट्र चारमध्ये येतो. परदेशातल्या संगणकात हा पत्ता भरला की तो पिनवरून राज्य ठरवतो आणि महाराष्ट्र खोडून कर्नाटक लिहितो. पिनची ही पद्धत ज्यांनी आखली ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन सुरू झाला. एकसारख्या नावांची गावं आणि वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते यांतून टपालवाल्याची सुटका करायची हा त्यामागचा हेतू. सीमाभागातल्या माणसाला हा हेतू समजावून सांगावा लागत नाही. बेळगाव, बेळगांव, बेळगावी, इंग्रजीत दोन प्रकारचं स्पेलिंग, आणि २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून अधिकृत नाव निराळं. नावावर कितीही वाद होवो, ५९०००१ लिहिलं की पत्र मुख्य कचेरीत येतं.

मला वाटतं, वस्तूंच्या सहा आकडी क्रमांकाकडेही आपण पिनसारखंच बघायला हवं. पदार्थाचा पत्ता म्हणून.

त्याचा सगळ्यात देखणा पुरावा पायात घालायचा आहे. पादत्राणांच्या चौसष्टाव्या प्रकरणात ६४०३ २० या क्रमांकाचं वर्णन असं आहे: तळ चामड्याचा, आणि वर पावलाच्या चढावरून व अंगठ्याभोवतीनं जाणारे चामड्याचे पट्टे. बाकी बहुतेक वर्णनं साहित्याची, उंचीची. इथं मात्र थेट अंगठा आला आहे. डोळे मिटून वाचलं तरी कोल्हापुरी चप्पल उभी राहते. आपल्या देशाच्या पत्रकात या क्रमांकाखाली तिचं नावही घातलेलं आहे. अथणीला, निपाणीला, चिकोडी-रायबागच्या गावांत बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या चामड्याची ती चप्पल शिवणारी घरं आहेत. तिचं भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळालं ते दोन्ही राज्यांना मिळून: महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. न्यायालयात समोरासमोर उभी असलेली दोन राज्यं चपलेच्या कागदावर शेजारी सही करून बसली आहेत. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा या कंपनीनं मिलानच्या सोहळ्यात अगदी तशीच चप्पल नाव न घेता दाखवली, केवढा गदारोळ झाला. त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीनं दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला, २००० जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचा, जोडाला सुमारे ८०० युरो. ज्यांनी आपल्या मालाचं नाव कागदावर आधीच नोंदवून ठेवलं होतं, त्यांना बोलायला जागा मिळाली.

*

खर्चाचा भाग थोडक्यात, पण तो न कळल्यानं माणसं फार हळहळतात. कुरिअरवाले दोन वजनं काढतात, काट्यावरचं आणि आकाराचं, आणि जे जास्त त्याचे पैसे घेतात. आकाराचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० नं भागायचं. ४० बाय ३० बाय ३० चा खोका ७ किलो २०० ग्रॅमचा धरला जातो, मग आत तीन किलो चिवडा का असेना. चिवडा आकारानं महाग पडतो, लाडू वजनानं. म्हणून खडे बाजाराचे ते गृहस्थ चिवड्याच्या पिशवीतली हवा काढायला लावतात आणि कडेच्या फटीत लाडू बसवतात.

मी हे बघत असताना मला वडलांच्या वेळचं पार्सल आठवत होतं. मांजरपाटाचं कापड, दाभण, सुतळी, वर लाखेचे ठिपके आणि त्यात उमटवलेला शिक्का. शिवण जवळजवळ हवी, बोट जाता कामा नये, असं पोस्टाच्या दारातला शिवणारा म्हातारा सांगायचा. आता चिकटपट्टीची गुंडाळी आहे. टाके मोजणारा गेला, यादी वाचणारा आला.

या सीमाभागातून परदेशात माल जात नाही असं नाही. महामार्गावर हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचं विशेष आर्थिक क्षेत्र आहे, उद्यमबागेत ओतकामाच्या भट्ट्या आहेत, त्यांचा माल जगभर जातो. त्यांच्याकडे कागद बघणारी माणसं पगारावर असतात. टपाल खात्यानं २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रं काढली, कारागिराला आणि छोट्या व्यावसायिकाला घरबसल्या संगणकावर निर्यातीचा कागद भरता यावा म्हणून. हे चांगलं काम आहे. तेवढीच मदत खाऊ पाठवणाऱ्या आईला हवी. प्रत्येक काउंटरशी एक फळा लावा: मराठीत आणि कन्नडात, पदार्थाचं नाव, ते इंग्रजीत कसं लिहायचं, त्याचा सहा आकडी क्रमांक, आणि कुठल्या देशात तो जात नाही. चकली इथं दोन्ही भाषांत चकलीच आहे. पन्नास ओळींचा फळा पुरेल. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव, चारच ठिकाणी लावून बघा. मला ही मागणी छोटी वाटत नाही.

*

२०२५ चं साल वेगळंच उगवलं होतं. आठशे डॉलरच्या आतला माल अमेरिकेत बिनकराचा जायचा. ती सवलत ३० जुलैच्या आदेशानं काढली आणि २९ ऑगस्टपासून सगळ्या देशांना बंद केली. शंभर डॉलरपर्यंतच्या खऱ्या भेटीला सूट राहिली. पण कर कुणी गोळा करायचा, कसा भरायचा, याची व्यवस्थाच तयार नव्हती. विमान कंपन्या टपाल उचलायला तयार होईनात. आपल्या टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून बहुतेक पार्सलं थांबवली आणि महिनाअखेर पत्रांसकट सगळंच. गणपती बसले होते त्या आठवड्यात. आई रोज विचारायची, ‘‘सुरू झालं का गं?’’ तिनं तरीही सप्टेंबरात चकलीची भाजणी दळून आणली. ‘‘सुरू नाही झालं तर इथं खाऊ की.’’

१५ ऑक्टोबरला टपाल पुन्हा सुरू झालं. विक्रीच्या मालावर सांगितलेल्या किमतीच्या निम्मा कर आधीच इथं भरायचा, अशी नवी रीत आली. त्या संध्याकाळी मी निपाणीला गेले. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून आईनं पेटी भरत आणली होती. रिकाम्या जागेत तिनं चुरमुरे दाबून भरले होते, काही हलू नये म्हणून. ते काढावे लागले. चुरमुरेही अन्नच, त्यांचीही ओळ लिहावी लागली असती. त्यांच्या जागी आम्ही कागदाचे बोळे घातले. किमतीच्या रकान्यापाशी ती अडली. शून्य लिहून चालत नाही म्हटल्यावर डाळ, तूप, साखर, तेल, गॅस असा हिशोब मांडला. बावीसशे रुपये झाले. शंभर डॉलरच्या पुष्कळ आत. मजुरी तिनं धरली नाही आणि मीही काढली नाही.

यादी तिनं आधी मराठीत लिहिली, दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानावर. पातळ पोह्यांचा चिवडा, १ किलो. चकली, पाऊण किलो. बेसन लाडू, २४. शंकरपाळे, अर्धा किलो. अनारसे, २१. मी समोर इंग्रजी लिहीत गेले: तळलेले सपाट पोहे, शेंगदाणे घालून, तांदूळ व डाळींच्या पिठाची तळलेली वेटोळी, आणि सगळ्यांच्या खाली, घरी केलेलं, आईकडून मुलाला भेट. दुसऱ्या दिवशी बेळगावच्या काउंटरवरच्या बाईंनी ती यादी वरून खाली वाचली. एका ठिकाणी थांबल्या. ‘‘अनारसेला काय लिहिलंय? गुळाचे की साखरेचे?’’ साखरेचे, मी म्हटलं. त्यांनी तो एक शब्द दुरुस्त करून घेतला. मग विचारलं, ‘‘तीळ की खसखस?’’

‘‘तीळ.’’

‘‘बरं केलंत,’’ म्हणाल्या आणि शिक्का मारला.

पेटी पोचली तेव्हा इकडे तुळशीची लग्नं चालली होती. भावानं फोन लावला, चित्र दिसणारा. पेटी तपासायला उघडली गेली होती, वरची पट्टी कापून दुसरी लावलेली होती. आतले डबे जागच्या जागी होते. आईनं चष्मा लावला, दिनदर्शिकेचं ते पान हातात घेतलं.

‘‘वाच बघू, काय काय निघालं.’’

तो झाकणावर चिकटवलेला कागद वाचत गेला, इंग्रजीतून. ती प्रत्येक ओळीला मराठीतल्या यादीवर पेन्सिलीनं खूण करत गेली. चिवडा. चकली. लाडू. शंकरपाळे.

‘‘अनारसे एकवीस घातलेत. मोज.’’

तो मोजत राहिला. ‘‘अठरा.’’

‘‘तीन कुठं गेले?’’

‘‘पेटी उघडल्या उघडल्या खाल्ले गं.’’

आईनं शेवटच्या ओळीवर खूण केली.